सिग्नल लाल, तरी 3,600 किलोमीटर पार!

बेंगळुरूच्या बनशंकरी जंक्शनला सिग्नल लाल झालाय. पुढे बीएमटीसीची बस, शेजारी रिक्षा, मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. दोन मिनिटं गाडी तसूभरही हलली नाही म्हणून तुम्ही कपाळाला हात लावलाय. पण माहीत आहे का? तेवढ्या दोन मिनिटांत तुम्ही, ती बस, ती रिक्षा आणि मागचा तो हॉर्नबहाद्दर असे सगळे मिळून तब्बल 3,600 किलोमीटर पुढे गेलात! पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण 30 किलोमीटर वेगाने पळते. टोल नाही, चलन नाही, ट्रॅफिक पोलिसाची शिट्टी नाही.

थांबा, मीटर अजून पडतोय. पृथ्वी स्वतःभोवतीही गरगरते आणि विषुववृत्ताच्या जितकं जवळ तितकी गिरकी वेगवान. बेंगळुरू 13 अंश उत्तरेला, पुणे साडेअठरा अंशांवर. म्हणजे बनशंकरीकर ताशी सुमारे 1,630 किलोमीटरने फिरतात आणि पुणेकर 1,590 ने. बेंगळुरू पुण्यापेक्षा ताशी 40 किलोमीटर फास्ट! (पुणेकर हे मान्य करणार नाहीत, पण गणितापुढे कुणाचं काय चालणार?)

मग वारा का झोंबत नाही? ढग मागे का पडत नाहीत? पक्षी घरट्यात परत कसे पोचतात? हे प्रश्न बाळबोध वाटतात ना? पृथ्वी स्थिर आहे म्हणणाऱ्यांनी हीच अस्त्रं शतकानुशतकं वापरली. आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी पृथ्वी फिरते असं सांगून टाकलं: नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पुढे 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने त्याला धारेवर धरलं. पृथ्वी फिरत असती तर उंच उंच गोष्टी कोसळल्या नसत्या का? बिचारा आर्यभट!

पण हुरळून जाऊ नका हं. आर्यभटाने पृथ्वीला स्वतःभोवती फिरवलं, सूर्याभोवती नव्हे. व्हॉट्सॲपवर फिरतं ते वेगळंच.

आता चला, देवळात. बनशंकरी अम्माच्या मंदिरात मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी राहुकाळात गर्दी उसळते. इतरत्र लोक राहुकाळात नवं काम टाळतात, इथे मात्र तोच प्राइम टाइम! अर्धं लिंबू पिळायचं, साल उलटी करायची, वाटीसारख्या त्या सालीत तेल-वात घालून दिवा लावायचा. मंगळवारचा राहुकाळ दुपारी 3 ते साडेचार, शुक्रवारचा सकाळी साडेदहा ते 12, रविवारचा संध्याकाळी साडेचार ते 6. हिशोब सोपा: सूर्योदय ते सूर्यास्त, त्याचे आठ भाग, त्यातला एक राहूचा.

माहीत आहे का, हा राहू दुर्बिणीतून कधीच दिसत नाही, तरी खगोलशास्त्रज्ञ त्याचं गणित मांडतात? चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला सुमारे 5 अंश तिरकी आहे. दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावस्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या आसपास पडली तरच ग्रहण! एरवी चंद्र वरून किंवा खालून निसटतो. हे बिंदू उलट्या दिशेने सरकत 18.6 वर्षांत एक फेरी मारतात. राहू गिळतो ही कथा, राहू-केतूजवळच ग्रहण लागतं हे शंभर टक्के भूमिती.

आणि धमाल ऐका. पृथ्वी केंद्रात ठेवणारे बाकी सगळीकडे चुकले, पण एका बाबतीत फुल मार्क: चंद्र खरंच पृथ्वीभोवती फिरतो!

दक्षिणेतल्या देवळांत नवग्रहांचा चौथरा पाहिलाय? मधोमध कोण उभं असतं? सूर्य! बाकीचे आठ त्याच्या भोवती. ज्या ज्योतिषात पृथ्वी केंद्रात, त्याच ज्योतिषाच्या देव्हाऱ्यात सूर्य केंद्रात. ‘आपल्याला आधीच माहीत होतं’ म्हणून फॉरवर्ड करायला बोट शिवशिवतंय ना? आवरा. हा मानाचा प्रोटोकॉल आहे, कक्षेचा नकाशा नव्हे. नवांच्या त्या यादीत पृथ्वीचं नावही नाही. सूर्य-चंद्र यादीतून कटाप आणि पृथ्वीची एंट्री, हा बदल व्हायला कोपर्निकस यावा लागला.

आठवड्याचे वारसुद्धा त्याच जुन्या मॉडेलचे वारस आहेत बरं का! पृथ्वी मध्ये ठेवून दूर ते जवळ अशी रांग लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या 24 होरांना, म्हणजे तासांना, ओळीने एकेक मालक द्या. शनिवारी पहिली होरा शनीची. सातांचे तीन फेरे झाले, तीन होरा उरल्या, त्या शनी-गुरू-मंगळाच्या. 25 वी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, कुणाची? रवीची! म्हणून शनिवारनंतर रविवार. त्यानंतर तीन घरं पुढे चंद्र, म्हणजे सोमवार. सिस्टिम कधीच रद्दबातल झाली, पण तिने दिलेली रविवारची सुट्टी आपण अजून मजेत उपभोगतोय.

आता ‘वक्री’ ग्रहांची वक्रोक्ती. मंगळ दर 26 महिन्यांनी आकाशात थबकतो, दोन-अडीच महिने मागे चालतो, पुन्हा पुढे निघतो. मूड खराब? छे! कनकपुरा रोडवर मेट्रोच्या ग्रीन लाइनमधून खाली बघा. तुमची मेट्रो खालच्या बसला ओव्हरटेक करते तेव्हा बस क्षणभर मागे जाताना दिसते. पृथ्वी आतल्या कक्षेतून मंगळाला ओव्हरटेक करते, बस इतकंच! ही साधी गोष्ट पृथ्वी स्थिर धरून समजावताना टॉलेमीला वर्तुळावर वर्तुळ चढवावं लागलं. दुसऱ्या शतकात रचलेला त्याचा हा डोलारा पुढे चौदाशे वर्षं टिकला.

सूर्य मध्ये ठेवण्याची आयडिया मात्र टॉलेमीपेक्षाही जुनी. सामोस बेटावरच्या अरिस्टार्कसने ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच मांडली होती. लाइक्स मिळाले नाहीत.

इकडे भारतात काय चाललं होतं? केरळात नीलकंठ सोमयाजींनी 1500 च्या सुमारास ‘तंत्रसंग्रह’ लिहिला. त्यांच्या मांडणीत बुध-शुक्रापासून शनीपर्यंत पाचही ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य हा सगळा लवाजमा घेऊन पृथ्वीभोवती. म्हणजे कोपर्निकसच्या अर्ध्या वाटेवर! युरोपात असंच मॉडेल टायको ब्राहेने 1588 मध्ये छापलं.

आणि आपल्या कोकणात? मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. यूएसपी ऐका: ग्रहगणित, पण ज्या-कोज्या गायब! कॉलेजात साइन-कॉसने छळलेल्यांनो, तुमचा तारणहार नांदगावचा होता. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शतकानुशतकं याच ग्रंथावर निघाली. तिकडे पोलंडमध्ये कोपर्निकस त्याच सुमाराला आपल्या सूर्यकेंद्री मांडणीवर काम करत होता, इकडे गणेश दैवज्ञ गणित सोपं करत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

या कोपर्निकसची तर वेगळी वेब सीरिज होईल. पेशाने चर्चचा अधिकारी, शिवाय वैद्यकी आणि फावल्या वेळात नाण्यांच्या घसरणीवर निबंध. मुख्य ग्रंथ 1543 मध्ये न्यूरेम्बर्गला छापला. छापील प्रत हातात पडली ती मृत्यूच्या दिवशी, असं सांगतात. त्यात एका भल्या गृहस्थाने, ओसियांडरने, नाव न घालता प्रस्तावना घुसडली: हे सगळं निव्वळ गणिताच्या सोयीसाठी, खरं मानू नका! जगाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा डिस्क्लेमर.

आणि त्याहून मोठा झटका: कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री मॉडेलच्या केंद्रात सूर्य नव्हताच! केंद्र होतं पृथ्वीच्या कक्षेचा मध्यबिंदू. सूर्य त्याच्या शेजारी, पाहुण्यासारखा. शिवाय वर्तुळांवरची वर्तुळं त्यालाही पुरती सुटली नाहीत. भाकितं टॉलेमीपेक्षा फारशी अचूकही नव्हती. मग जिंकला कसा? ग्रहांचा क्रम आणि अंतरं आपोआप एका प्रमाणात बसली म्हणून. सगळा पसारा एका सूत्रात आला, ही त्याची खरी कमाई.

बोनस क्राइम स्टोरी! फ्रोमबोर्कच्या कॅथेड्रलखाली 2005 मध्ये एक कवटी सापडली. कोपर्निकसच्या मालकीच्या एका जुन्या पुस्तकात अडकलेले केस स्वीडनमध्ये जपलेले होते. डीएनए जुळला! 2010 मध्ये त्याचं पुन्हा, या वेळी थाटात, दफन झालं.

टायको ब्राहेची सीरिज मात्र ॲडल्ट कॉमेडी. द्वंद्वयुद्धात नाकाचा तुकडा उडालेला, वर धातूचं नाक. पाळीव एल्क हरीण बिअर पिऊन जिन्यावरून पडून मेलं अशी त्याच्याबद्दलची आख्यायिका. पण डोळा असला तिखट, की दुर्बिणीशिवाय घेतलेली त्याची निरीक्षणं पुढे सगळ्यांना पुरून उरली.

ती निरीक्षणं योहानेस केप्लरच्या हाती आली. मंगळाची कक्षा वर्तुळात बसेना. फरक होता फक्त 8 कलांचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. दुसऱ्या कुणी ‘चालतंय की’ म्हणून सोडून दिला असता. केप्लरने दोन हजार वर्षांची वर्तुळभक्ती सोडली, 1609 मध्ये लंबवर्तुळ आणलं आणि खऱ्याखुऱ्या सूर्याला त्याच्या एका नाभीत बसवलं. पुढे आईवर चेटकीण असल्याचा खटला चालला, तोही त्यानेच लढवला. आई सुटली.

गॅलिलिओ तर तुम्हाला माहीतच आहे. जानेवारी 1610, गुरूचे चंद्र; मग शुक्राच्या कला; 1633 मध्ये खटला. पण हे माहीत आहे का? त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट फ्लॉरेन्सच्या म्युझियममध्ये काचेत ठेवलंय. कुणाकडे रोखलंय ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता बेंगळुरूचा एक भन्नाट योगायोग. शहाजीराजे ज्यात होते त्या विजापुरी फौजेने बेंगळुरू घेतलं 1638 मध्ये आणि शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्याच साली गॅलिलिओचं शेवटचं पुस्तक लायडनला छापून झालं. पुढे हे शहर भोसल्यांच्या हातून जाऊन तीन लाख रुपयांच्या सौद्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेलं ते 1687 मध्ये. आणि 1687 मध्ये लंडनला काय छापलं? न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’! म्हणजे बेंगळुरूवर मराठ्यांचा अंमल बरोब्बर गॅलिलिओ ते न्यूटन. इकडे जहागिरीचा निकाल लागला, तिकडे पृथ्वीच्या मक्तेदारीचा.

निकाल लागला म्हणजे सगळ्यांना कळला असं नाही हं! जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या दरबारी जगन्नाथ पंडितांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला, तो 1732 मध्ये. ‘प्रिन्सिपिया’ला 45 वर्षं होऊन गेली होती. उशिरा आलेली गाडी, पण सजवलेली किती सुंदर!

आणि मराठीत ही बातमी कधी फुटली? कान इकडे करा, ही गोष्ट फारच कमी जणांना ठाऊक आहे. भोपाळजवळ सिहोर नावाचं गाव. तिथे सुबाजी बापू नावाचे मराठी ज्योतिषी आणि भोपाळचा इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांची जोडी जमली. सुबाजींनी 1836 मध्ये मराठीत पुस्तक काढलं, ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’. तिरंगी सामना! एका कोपऱ्यात पुराणं, मेरू पर्वतासकट. दुसऱ्यात भास्कराचार्यांचा सिद्धांत, ज्यात पृथ्वी गोल पण अचल. तिसऱ्यात कोपर्निकस. चाल बघा कशी खेळली: भास्कराचार्यांच्या हातून पुराणांचा भूगोल चीत करायचा आणि मग त्याच खांद्यावरून कोपर्निकसकडे झेप घ्यायची. परक्याचं ज्ञान घरच्या आचार्यांच्या मध्यस्थीने, म्हणजे सोयरीकही रीतसर!

पुणं गप्प बसणार? शक्यच नाही. तिथले ज्योतिषी यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून ठणकावलं की पुराणं आणि सिद्धांत यांच्यात मुळी विरोधच नाही. सिहोरहून प्रत्युत्तर तयार: ‘अविरोधप्रकाशविवेक’. प्रकाशावर प्रकाश! मला विचाराल तर मराठीतला हा सगळ्यात दुर्लक्षित वाद आहे आणि शाळेच्या पुस्तकात त्याला एक चौकट तरी मिळायला हवी.

आता तारखांची मौज बघा. रोमच्या चर्चने बंदी असलेल्या पुस्तकांच्या यादीतून कोपर्निकसला वगळलं 1835 मध्ये. सुबाजींचं मराठी पुस्तक 1836 चं. आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जवळचे तारे किंचित हललेले दिसायला हवेत, हा सगळ्यांना हवा असलेला पुरावा बेसेलने मोजून दाखवला 1838 मध्ये! कोपर्निकसनंतर 295 वर्षांनी. (ब्रॅडलीने 1729 मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशाच्या तिरकेपणावरून पृथ्वीची धाव पकडली होती, पण तो मान वेगळा.) म्हणजे सिहोरचे आमचे सुबाजी बेसेलच्या दोन वर्षं आधीच पार्टी बदलून मोकळे!

परत बनशंकरीत या. हे देऊळ 1915 चं, पण देवीचं मूळ ठाणं बागलकोट जिल्ह्यातलं बदामी. कितीतरी मराठी घरांची ती कुलदेवता, पौषात तिथे जत्रा भरते. आणि त्याच बागलकोटात एक मराठी शाळामास्तर बसून ग्रह शोधत होता. दुर्बिणीने नाही, कागद-पेन्सिलीने!

व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म 1854. इंग्रजी शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ग्रहगणित. युरोपची नवी, सूर्यकेंद्री गणितावरची कोष्टकं त्यांनी पंचांगाच्या कामाला जुंपली आणि संस्कृतात ‘ज्योतिर्गणितम्’ रचलं. म्हणजे आत इंजिन न्यूटनचं, बाहेर बॉडी संस्कृत श्लोकांची! पंचांगाचं गुपित इथेच आहे: गणित सूर्य मध्ये ठेवून करायचं आणि उत्तर छापायचं पृथ्वीवरून दिसतं तसं. आजची नासापासूनची सगळी आकाश-कोष्टकं हेच करतात. आपण राहतोच इथे, मग बघणार कुठून?

पण केतकरांचा सिक्सर पुढेच आहे. 1911 मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी भाकीत केलं: नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत. नावंही ठेवली, ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या 38.95 पट, एका फेरीला 242 वर्षं. 19 वर्षं गेली. 18 फेब्रुवारी 1930 रोजी अमेरिकेत क्लाइड टॉमबॉने प्लूटो शोधला. अंतर 39.5 पट, फेरी 248 वर्षं!

शिट्ट्या वाजवण्याआधी बारीक अक्षरातलं वाचा. केतकरांनी गुरूच्या चंद्रांमधलं लाप्लासचं गणिती नातं बाहेरच्या ग्रहांना लावलं होतं आणि ते गृहीतक काही बरोबर नव्हतं. विष्णू तर सापडलाच नाही. तरीही उत्तराच्या इतक्या जवळ जाणं म्हणजे मास्तरांनी रीतीचे मार्क कापावेत आणि उत्तराला टाळी द्यावी असा प्रकार. 1930 मध्येच केतकर वारले. प्लूटोचं नाव इंग्लंडमधल्या 11 वर्षांच्या मुलीने सुचवलं आणि 2006 मध्ये त्याची ग्रहपदावरून बदली झाली. नाव ‘ब्रह्मा’ असतं तर ही बदली एवढ्या सहज झाली असती का?

चला, गवीपुरमला. बनशंकरीहून फार लांब नाही. तिथल्या गुहेतल्या गवी गंगाधरेश्वराला संक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचं ऊन बाहेरच्या नंदीच्या शिंगांमधून थेट पिंडीवर येतं. कॅमेरे, चॅनेल, चेंगराचेंगरी! पण माहीत आहे का, हाच शो नोव्हेंबरच्या शेवटीही होतो? 21 डिसेंबरला सूर्य दक्षिणेचं टोक गाठून फिरतो. त्याआधी 24 दिवस आणि त्यानंतर 24 दिवस त्याची जागा सारखीच. नोव्हेंबरचा शो हाउसफुल नसतो, टीप लक्षात ठेवा.

आणि हो, उत्तरायण संक्रांतीला सुरू होत नाही. ते डिसेंबरातच सुरू झालेलं असतं. पृथ्वीचा आस 26,000 वर्षांत एक गिरकी घेतो, म्हणून सण आणि सूर्य यांची तारीख चुकत चाललीय. तिळगूळ मात्र 14 तारखेलाच खा. गोड बोलायला पंचांगाचं गणित कशाला हवं?

पुण्यात आयुका या खगोलसंस्थेच्या आवारात फूकोचा लंबक आहे. पृथ्वी फिरते हे 1851 मध्ये पॅरिसात ज्या खेळाने सिद्ध झालं, तोच खेळ. लंबक डोलत राहतो आणि त्याची दिशा हळूहळू वळते. पॅरिसात पूर्ण फेरीला सुमारे 32 तास लागतात, पुण्यात 75, आणि बेंगळुरूत बांधलात तर 107! म्हणजे बेंगळुरू पुण्यापेक्षा वेगाने फिरतं, पण लंबक मात्र पुण्यात वेगाने वळतो. झाली ना पुणेकरांची भरपाई?

बनशंकरीच्या जवळच इस्रो लेआउट आहे, तेव्हा मंगळयान कसं विसरू? 5 नोव्हेंबर 2013 ला सुटलं, 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाभोवती पोचलं, सूत्रं बेंगळुरूतून हलली. वाट सरळ नव्हती. सूर्याला नाभीत ठेवून काढलेल्या लंबवर्तुळाचा तुकडा होती. ज्या मंगळाने केप्लरचा घाम काढला, त्याच मंगळाला केप्लरच्याच रस्त्याने गाठलं. बदला पूर्ण!

मग सूर्य तरी स्थिर आहे ना? अहो, नाही! गुरू एवढा जड, की दोघांचा मिळून तोलबिंदू सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो. गुरू 12 वर्षांत फेरी मारतो आणि सूर्यही त्या बिंदूभोवती छोटीशी फुगडी घालतो. दूरच्या ताऱ्यांची अशीच फुगडी पकडून 1995 मध्ये 51 पेगासी या ताऱ्याचा ग्रह सापडला. 2019 मध्ये या शोधाला नोबेल मिळालं.

आणि आता एक फुकट प्रयोग, तिकीट नाही, रांग नाही. 24 एप्रिलच्या आसपास दुपारी 12 वाजून 17 मिनिटांनी बनशंकरीच्या गच्चीवर पाण्याची बाटली उभी करा. सावली गायब! सूर्य बरोब्बर डोक्यावर. पुण्याला हाच मान मेच्या मध्यावर मिळतो, दिल्लीला कधीच नाही. एप्रिल हुकला तर 18 ऑगस्टला 12 वाजून 24 मिनिटांनी दुसरा चान्स आहे. पण ऑगस्टात बेंगळुरूवर ढग असतात, तेव्हा रिमाइंडर एप्रिलचाच लावा.